हात खाली

माझी आई पडदे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापडाचे गठ्ठे आणि हाताशी कायम एक लाकडी पट्टी. पट्टी होती कापड मोजायला, पण ती जास्त चालली माझ्या मोठ्या बहिणीच्या बोटांवर.

ताई जन्मापासून बहिरी. तिला कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तरांनी आईला बजावलं, "हातवारे अजिबात करू द्यायचे नाहीत. हातांना सवय लागली की जीभ आळशी होते." आईने तो शब्द शिरसावंद्य मानला. ताईने पेल्याकडे बोट केलं की पट्टी बसायची. "हात खाली! तोंडाने बोल!" 'पाणी' म्हणेपर्यंत पाणी नाही. तोंडासमोर धरलेली मेणबत्तीची ज्योत हलली तर 'प' बरोबर, नाही हलली तर पुन्हा. मला मात्र न मागता पाणी मिळायचं.

ताई बोलायला शिकली. घोगरं, तुटक, पण कळेल असं. आईला कोण अभिमान! शेजारीपाजारी आले की तिला बोलून दाखवायला लावायची. पुढे ताई लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली, एका बहिऱ्या सुताराशी लग्न केलं. त्यांच्या घरी सकाळपासून हातांचा नुसता कलकलाट. आमच्याकडे आली की तेच हात मांडीवर गप्प. "बरी आहे. जेवले. निघते." संपलं संभाषण.

गेल्या वर्षी त्याच शाळेने ज्येष्ठांसाठी वर्ग काढला. म्हातारपणी ऐकू येईनासं झालेल्यांना शाळेतली मुलं खुणांची भाषा शिकवणार. म्हाताऱ्यांचा वेळ जाईल, मुलांनाही आजी-आजोबा मिळतील. नावं ठेवायला जागा नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच.

कान धडधाकट असलेली आई त्या वर्गात जाऊन बसली. "मला ताईशी एकदा नीट बोलायचंय. तिच्या भाषेत," एवढंच मला म्हणाली. वर्गात एक निवृत्त कंडक्टर होते. "बहिरा झालो तेव्हा वाटलं, सुटलो! आता बायको हातांनी भांडते," म्हणून सगळ्यांना हसवायचे. आई हसायची नाही. तिच्या शेजारी एक बहिरी मुलगी बसायची, पट्टीच्या दिवसांतल्या ताईएवढीच. आईची सांधे धरलेली बोटं ती हळूच वळवून द्यायची, आणि जमलं की टाळी वाजवायची. घरी येऊन आई आरशासमोर घोकायची आणि मध्येच रडायची.

मी एकदा हेडमास्तरीणबाईंना गाठलं. "आमच्या ताईचे हात बांधले त्याचं काय?"

"तेव्हाची पद्धतच तशी होती हो," बाई गोड हसून म्हणाल्या. "पण आई किती छान शिकतायत!" शाळेचं बरं असतं. पद्धत बदलली की हात झटकून मोकळी.

परवा ताई आली. मी चहा ठेवत होतो. आईने ताईला टेबलाशी समोर बसवलं, हात पुसले आणि सुरुवात केली. तुझे हात. मी मारले. चुकलं. मग मूठ छातीवर ठेवून गोल फिरवली, माफ कर. एकही खूण चुकली नाही.

ताई बघतच राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला, असं मला वाटलं. मग तिने पुढे होऊन आईचे दोन्ही हात धरले, टेबलावर ठेवले आणि वरून घट्ट दाबले.

"हात खाली," ताई म्हणाली. घोगऱ्या आवाजात, पण एकेक अक्षर स्पष्ट, जसं आईने शिकवलं होतं तसं. "तोंडाने बोल."

आईने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. हात सोडवायला गेली, पण ताईने ते सोडले नाहीत. आईच्या ओठांवर नजर रोखून ती वाट बघत बसली.