कुप्याची परीक्षा

हर्णैच्या बंदरावर एका सकाळी काशिनाथ तांडेल आणि त्यांच्या पत्नी जनाबाई एका भल्यामोठ्या कुप्याशेजारी उभे होते. शहरातल्या हॉटेलांत ज्याला टूना म्हणतात, तोच हा मासा. निर्यात करणाऱ्या कंपनीच्या माणसाने शेपटीजवळचा छोटा काप काढून मांसाचा रंग बघायला उन्हात धरला. जनाबाईंनी शेजारी उभ्या पाहुण्याचा, म्हणजे माझाच, हात घट्ट पकडला.

"एक नंबर! हा जपानला जाणार. तिथे कच्चा खातात," कंपनीचा माणूस म्हणाला.

"कच्चा? फोडणीसुद्धा नाही?" म्हणत जनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मलाही हसू आलं. ज्या माशाने आयुष्यभर समुद्र पालथे घातले, तो आता विमानाने जाणार होता. कुठल्याशा अनोळखी ताटात कोणीतरी त्याला नावाजणार होतं आणि त्या माणसाला ही दोघं कधीच दिसणार नव्हती.

"कुपा गळानेच धरता, जाळ्याने का नाही?" मी काशिनाथांना विचारलं.

"जाळ्यात पिल्लंही मरतात. गळाला पिल्लू लागलं तर सोडून देतो. सांगतो, मोठा होऊन ये."

"आणि तो ऐकतो?" जनाबाईंनी विचारलं.

काशिनाथांनी कुप्याच्या निळ्याशार पाठीवर हात फिरवला. "आज आला की!"