गर्दी कुणाकडं बघते

चित्रपटाचं दिग्दर्शन शिकायचं म्हणून मी कोकणातलं घर सोडलं, तेव्हा मी मराठी सहावीत होतो. शाळेनं मला थांबवलं नाही. उलट माझ्या जाण्यानं वर्गात हवा खेळायला लागली, असं मास्तर म्हणाल्याचं नंतर कळलं. भावोजींनी मात्र भाताच्या गिरणीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि गावाकडचं कुणी भेटलं की ‘जागा अजून रिकामी आहे’ असा निरोप न चुकता यायचा. माणसाला आधार असावा तो असा.

ज्या फिल्म कंपनीत मी शिरलो, तिथं आमच्या दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला ठेवून घेतलं, जेवू घातलं, कधी हात उगारला नाही. हे उपकार मी आजही मानतो. शिक्षणाचं म्हणाल तर पहिली काही वर्षं मी कॅमेऱ्यावर छत्री धरायला शिकलो. पुढं प्रगती झाली आणि कर्ण्यातून “गप्प बसा” ओरडायला शिकलो.

लढाईचे दिवस होते. कच्ची फिल्म मोजूनमापून मिळायची. अशात अण्णांना गोदाकाठचं गाव हवं झालं, म्हणून आमचा सगळा बाडबिस्तरा निजामाच्या राज्यात जालना स्टेशनावर उतरला. तिथल्या धर्मशाळेत पाऊल टाकताच अण्णांना हिवताप भरला. घनसावंगीच्या पुढं, नदीकडच्या एका गावात सगळं ठरलेलं, तहसीलची इजाजत मिळालेली. अण्णांनी गोधडीतूनच मला बोलावलं आणि म्हणाले, “चावडीचा सीन तू घे. गर्दी म्हणजे दुसरं काही नाही, तिला एक काम द्यायचं. बिघडवलास तर मात्र तसाच गाडीत बस आणि घर गाठ.”

एवढ्या थोड्या शब्दांत दिग्दर्शन कुणी शिकवलं नसेल. मी कागद-पेन्सिल घेऊन बैलगाडीत बसलो.

सीन साधा होता. आमचा नायक शहरात शिकून गावी येतो, चावडीच्या ओट्यावर उभा राहून ‘चला, विहीर खणू’ असं भाषण करतो. खाली बसलेलं गाव आधी नुसतं बघतं, मग एकेक जण उठतो आणि त्याच्यामागं निघतो. आवाज पुढं स्टुडिओत भरायचा होता, म्हणजे बघणं आणि उठणं, एवढंच काम. मी कागदावर चौकोन, बाण, वर्तुळं काढली होती. बायकांसाठी वेगळी वर्तुळं होती. त्या गावात बायका चावडीपुढं येत नाहीत हे तिथं गेल्यावर कळलं, तेव्हा ती वर्तुळं कागदावरच राहिली. पुरुष मात्र सगळे आले, धुतलेली धोतरं नेसून.

पाटील आम्हाला फार चांगले लाभले. माणसं त्यांनी दिली, ज्वारीच्या भाकरीचं जेवण त्यांनी दिलं. एवढ्या मोठ्या माणसाला बसवायचं कुठं? मी आदरानं त्यांची खुर्ची ओट्याखाली, गर्दीकडं तोंड केलेल्या कॅमेऱ्याशेजारी, छत्रीच्या सावलीत मांडली. मनात म्हटलं, पाहुणचार कसा करावा हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

मग तालीम सुरू झाली. नायक ओट्यावर चढला, हात वर करून भाषण करू लागला. आणि सगळं गाव कॅमेऱ्याकडं बघत बसलं. सिनेमात यासारखा दुसरा गुन्हा नाही. मी कर्ण्यातून ओरडलो, “त्यांच्याकडं बघा.” माना क्षणभर ओट्याकडं वळल्या आणि परत जागेवर आल्या. “आता उठा,” म्हटलं, तर कुणी हलेना. कॅमेरामन जुना माणूस होता. तो म्हणाला, “ऊन उतरलं की मी मोकळा. तू बघ बाबा तुझं.” नायकानं तेवढ्यात ओट्यावरूनच विचारलं की या माणसांना अभिनय म्हणजे काय हे कुणी सांगितलं आहे का. सांगणार कोण, तर मी, आणि मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?

शेवटी मी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याजवळ उकिडवा बसलो आणि हळूच विचारलं, “आजोबा, तिकडं का बघत नाही?”

तो माझ्याकडं दया येऊन बघत म्हणाला, “पाटील हितं बसल्यात, अन् आम्ही तोंड फिरवून त्या रंगवलेल्या माणसाकडं बघावं? अन् मालक उठायच्या आधी उठावं? काय बोलून राह्यले तुमी?”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. चावडीचा ओटा पाटलांचा. त्यावर मी तोंडाला पावडर लावलेला माणूस उभा केला होता, आणि पाटलांची खुर्ची खाली मातीत मांडून वर छत्रीचा मान दिला होता. सगळं गाव गुपचूप बघत होतं की या पोराला अक्कल कधी येते.

आता पाटलांना सावलीतून उठवून उन्हात न्यायचं होतं. मी कर्णा खाली ठेवून त्यांच्यापुढं गेलो. म्हटलं, “पाटील, चुकलं. तुमची जागा ओट्यावर आहे. आमच्या माणसाच्या मागं, जरा वर, खुर्ची मांडतो.”

पाटील म्हणाले, “मला कवाच कळ्ळं व्हतं. पर पाव्हण्याला कसं बोलावं? मंग आता मी फिल्लममधी दिसन का न्हाई?”

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. “न्हाई पाटील. तुमच्याकडं बघणारे दिसतील.”

त्यांनी जरा विचार केला. “मंग बराबर हाय,” म्हणाले, आणि स्वतःच खुर्ची उचलायला माणूस बोलावला. मी हात जोडून एक विनंती केली, की मी रुमाल खाली केला की तेवढं उठावं. त्यावर ते म्हणाले की बिलकुल उठतो, कंबर तशीबी दुखून राह्यलीय.

कॅमेरा सुरू झाला. नायक भाषण करत होता आणि त्याच्या खांद्यावरून सगळं गाव पाटलांकडं बघत होतं. असली श्रद्धा मी पुढं मोठमोठ्या नटांच्या वाट्यालाही आलेली पाहिली नाही. मी रुमाल खाली केला, पाटील उठले. एकेक जण उठायचा होता. सगळं गाव एकदम उठलं, धुरळा उडाला, आणि तेवढ्यात मोजून मिळालेली फिल्म संपली.

नायक घाम पुसत खाली आला आणि म्हणाला, “बघितलंस? शब्दांत दम असला की गर्दी अशी उठते.” मी मान डोलावली. भांडणाला तेव्हा माझ्याकडं ताकद नव्हती.

परतीच्या वाटेवर मी गाडीत बसून गिरणीतल्या पोत्यांचा विचार करत होतो. धर्मशाळेत अण्णा घोंगडी पांघरून बसले होते. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. एकेक उठायला हवे होते, ते एकदम उठले, हेही सांगितलं.

अण्णांनी घोंगडी जरा खाली सारली. मग म्हणाले, “म्हणजे नायकाकडं कुणी बघितलंच नाही?”

“नाही, अण्णा.”

“मग पाटलांच्या पुण्याईनं पडद्यावर तो बरा दिसेल.” त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. “एकेक उठायचं शहाण्यांच्या गावात. ते गाव एकदमच उठणार. चूक माझ्याच लिहिण्यात होती. उद्या नदीवरचा सीनही तूच घे.”

माझे डोळे भरून आले. मी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि विचारलं, नदीवर माणसं कुठं उभी करायची, कॅमेरा कोणत्या अंगाला, हात कुणी हलवायचा. तोवर अण्णा आडवे होऊन भिंतीकडं तोंड करून झोपले होते. गुरुकृपा ती हीच असणार, असं समजून मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि कोरा कागद शोधायला लागलो.