तिकिटांवरच्या बायका

चौथीच्या मुलांना मी पोस्टाच्या जुन्या तिकिटांवरून इंग्रजी शिकवते. तिकिटावरचा थोर माणूस पाहायचा आणि त्याच्याबद्दल एक वाक्य लिहायचं. ‘ही वॉज अ किंग.’ ‘ही वॉज अ पोएट.’ आठवडाभर हेच चाललं होतं. परवा प्राजक्ताने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “मॅडम, ‘शी’ कधी येणार?”

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ती मात्र हसली नाही.

घरी येऊन मी तिकिटांचा डबा पलंगावर ओतला. जिकडेतिकडे फेटे आणि दाढ्या. बायका निघाल्या अवघ्या चार. इतकी वर्षं हा डबा मी वर्गात नेते आणि हे कधी माझ्या लक्षातच आलं नाही. जेवतानाही मन थाऱ्यावर नव्हतं.

काल त्यातलं एक तिकीट मी प्राजक्ताला दिलं. डोक्यावर पदर, शांत डोळे आणि नावावर नेमका टपालाचा काळा शिक्का. तिने हौसेने ‘शी वॉज’ लिहिलं आणि वर पाहिलं.

“कोण होती ही, मॅडम?”

मी तिकीट खिडकीच्या उजेडात धरलं. राजे आणि कवी मी लांबूनही ओळखले असते. हिचं नाव मला सांगता येईना.