मास्तरांची गुरुवारची परीक्षा

हैदराबादेत चुड्यांच्या गल्लीतून जाताना माझी पावलं आपोआप मंदावतात. दुकानाच्या पायरीशी शेगडीवर लाख मऊ होत असते, कारागीर ती बोटांनी ओढून, वळवून तिचं कडं करत असतो, आणि तापल्या लाखेचा गोडसर, धुरकट वास गल्लीभर रेंगाळत असतो. मला कॉलेजात पोचायचं असतं. आमच्या घरात अक्षर शिकलेला मी पहिलाच, आणि तास चुकवण्याइतका निर्ढावलेपणा अजून माझ्या अंगी आलेला नाही. तरी मी थांबतो. डोळे जरा मिटले की गल्ली विरते, तिच्यावरचे मनोरे विरतात, आणि काळ्या रानाच्या कडेची आमची चावडी दिसू लागते. चावडीच्या ओसरीवर भरणारी शाळा, आणि दाराशी पाय दुमडून बसलेली मनियाराची पोर. बाप बांगड्या विकायचा, मोडक्या चुड्यांना लाख लावून द्यायचा. तिच्या हातांना कायम हाच वास असायचा.

चारठाण्याची जुनी देवळं पाहायला निघालेला माणूस वाट चुकला तरच आमच्या गावात यावा, असं आमचं गाव. तिथं सरकारनं शाळा कशी दिली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मास्तर पाथरीकडचे होते. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला सदरा. मराठी शिकवताना त्यांचा आवाज मोटेसारखा भरून वर यायचा आणि आमच्या अंगावर ओतला जायचा. ऐकता ऐकता आम्ही भिजून जायचो. धडा कधी संपला ते कळायचंही नाही. पण उर्दूची किताब हातात घेतली की तोच माणूस चिखलाच्या पाणंदीतून चालल्यासारखा जपून जपून पाऊल टाकी. राज्य निजामाचं, वरच्या इयत्तांचं सगळं शिक्षण उर्दूतून. मास्तर मात्र ती लिपी तिशी उलटल्यावर शिकायला लागलेले.

त्या वर्षी पोळ्यानंतर शिक्षणाच्या तालीमात खात्याचे साहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला आले. त्यांनी मास्तरांनाच किताब वाचायला सांगितली. मास्तर ओळीओळीला अडखळले. साहेब रागावले नाहीत. पान खात खात एवढंच म्हणाले की हिवाळा सरताना मी परत येईन. तोवर वाचता आलं नाही, तर ही शाळा मोडून पोरं नदीपलीकडच्या शाळेत घालू. मग त्यांची बैलांची दमणी धूळ उडवीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जे केलं, ते मोठ्या माणसाला कसं सुचलं असेल, याचं मला आज नवल वाटतं. ते आमच्यापुढे खाली, चटईवर बसले आणि म्हणाले, "पोराहो, मला उर्दू शिकायचीय. तुमी माझ्यावर ध्यान ठिवा."

दाराकडून आवाज आला, "किती, मास्तर?"

"किती म्हंजे? उर्दू शिकायची."

"समदी?" मनियाराची पोर खरंच काळजीत पडली होती. "समदी तं माझ्या अब्बालाबी येत न्हाई."

आम्ही खदखदून हसलो. मास्तरही हसले, इतके की मिशा हलल्या. मग हळूहळू हसू ओसरलं आणि ते किताबीची पानं मोजू लागले. कॉलेजात आमचे प्राध्यापक शिक्षणाच्या ध्येयांवर फार सुंदर बोलतात. चारित्र्य, ज्ञान, समाजाची उन्नती. मी सगळं भक्तिभावानं उतरवून घेतो. मला ते पटतंही. पण लिहिता लिहिता केव्हातरी कानाशी ते बारीक, काळजीतलं "किती?" येतं, आणि माझा टाक थबकतो. प्राध्यापकांना हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

असं ठरलं की मास्तरांनी दर आठवड्याला किताबीचं एक पान तयार करायचं. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, म्हणून गुरुवारी शाळा सुटायच्या आधी आम्ही परीक्षा घ्यायची. ती गुरुवारची दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. बाहेर कापसाची बोंडं उमलत असायची, कडुलिंबाची सावली ओसरीवर चढत यायची. आम्ही पोरं मास्तरांच्या जागेवर दाटीवाटीनं बसायचो आणि मास्तर आमच्या जागेवर उभे, किताब दोन्ही हातांत धरून. ते वाचायचे. मनियाराची पोर मान डोलवायची. आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "पास!" आमच्यात उर्दू वाचता येणारी, बापाकडून शिकलेली, ती एकटीच; आम्ही ओरडायचो ते मायेनं. आपला मास्तर नापास होतो, ही कल्पनाच आम्हाला सहन होत नव्हती.

ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हाची गोष्ट. त्या गुरुवारी मास्तरांनी पान असं वाचलं की पाण्यावरून बगळा सरकत जावा. आम्ही ओरडायला तोंडं उघडली, तोच ती म्हणाली, "न्हाई."

"काय न्हाई गं?" पाटलाचा पुतण्या तिच्या अंगावर धावून गेला.

"मास्तर किताबीत बघंनाच गेलेत. पाठ केलंय त्यांनी." ती उठली, पुढं आली आणि लाखेच्या वासाच्या बोटांनी पान उलटलं. "हे वाचा."

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं झालं.

"मास्तरला नापास करती व्हय गं? लय शानी लागून गेली!" पाटलाचा पुतण्या ओरडला.

"मी कुठं करायले?" तिचा आवाज फुटला. "साहेब करतील. शाळा मोडली तं तुमी जाल की नदीपल्याड. मला कोन धाडील?"

खरं होतं ते. नदी ओलांडून पोरीला शाळेत पाठवणारं घर आमच्या गावात एकही नव्हतं, मनियाराचंही नाही. आमची शाळा मोडली असती तर आमची वाट लांबली असती. तिची संपली असती. मास्तरांनी किताब मिटली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बराबर हाय, माय," ते म्हणाले. "आता पान तू काढायचं. जे निघंल ते, पाच ओळी." एवढंच. पुढचे कितीतरी गुरुवार ते नापास झाले आणि आम्ही ते खाली मान घालून ऐकलं. ज्वारीची कणसं भरली, कापूस वेचून झाला, करडईला काटे आले. पाच ओळींच्या जागी कधी तीन व्हायच्या, कधी दोन. ती रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून एकेक अक्षर बोटानं दाखवायची. कधी मास्तर कंटाळून म्हणायचे, "आज राहू दे गं." ती हलायची नाही.

साहेब आले तेव्हा हवेत उन्हाची पहिली झळ होती. त्यांनी किताब पुढं केली. मास्तर म्हणाले, पान पोरीला काढू द्या. साहेबांना गंमत वाटली. आम्ही मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, सोपं निघू दे. तिनं डोळे घट्ट मिटले आणि किताब मधूनच उघडली. मास्तर वाचू लागले. दोनदा अडले, अडले तिथून मागं आले, अक्षर पुन्हा पाहिलं आणि पुढं गेले. कुठेही लपवलं नाही. वाचन संपल्यावर साहेबांनी किताब मिटून मास्तरांच्या हातात दिली. "ठीक है," ते म्हणाले. "मदरसा यहीं रहेगा." म्हणजे शाळा इथंच राहणार होती.

पुढच्या गुरुवारी मास्तर पुन्हा किताब घेऊन उभे राहिले. पाटलाचा पुतण्या म्हणाला, "आता कशाला? पास झालात की, मास्तर!"

"सायबाच्या परीक्षेत. हिच्या न्हाई अजून," मास्तर म्हणाले. आणि ती पुढं होऊन, अगदी गंभीरपणे, पान शोधू लागली.

चौथीपर्यंत ती त्याच ओसरीवर, त्याच दाराशी शिकली. नंतर मास्तरांची बदली झाली, मी शिकायला परभणीला गेलो, ती कुठे दिली ते मला नीट ठाऊक नाही. सगळं असं मागे पडत जातं, धुक्यातलं रान मागे पडावं तसं. पुढच्या वर्षी, सगळं नीट झालं तर, मीही कुठल्यातरी गावच्या ओसरीवर शिकवायला उभा राहीन. पहिल्या दिवशी पोरांना काय सांगावं, याचा मी रात्रंदिवस विचार करतो. पोरांचं आणि माझं काही जमेल की नाही, ही भीती मला फारशी वाटत नाही. भीती वाटते ती वेगळीच: पोरं माझ्यावर माया करतील, आणि सगळी मिळून मला पास करत राहतील.