बाटलीतल्या गोगलगायी

येडगावच्या धरणाकडेला गेणभाऊंइतका मेंढरांचा जाणकार शोधून सापडायचा नाही. दीडशे मेंढ्या, पण एकेकीला तोंडावरून ओळखायचे. रानात कळप बसवायला शेतकरी आधी त्यांनाच बोलवत, कारण खत चांगलं आणि जित्राब निरोगी. त्यावरच घर चालायचं. म्हणून एवढ्या धिप्पाड माणसाला एकच धास्ती होती, 'गेणभाऊच्या मेंढरांत रोग आहे' असं कुणी म्हणायला नको.

गेल्या साली डबक्याकाठी चरलेल्या दोन मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज आली आणि त्या मेल्या. भाऊंनी त्या गुपचूप पुरल्या. यंदा दसऱ्यापासून चाळीस गाभण मेंढ्या त्यांनी बायकोबरोबर ओढ्यावर धाडल्या. वाहतं पाणी कधी बाटत नाही, असं त्यांचे आजोबा सांगत आणि आता तेही सांगत.

महिन्यापूर्वी पुण्याहून वैजयंती आली. गोगलगायी तपासणं हेच त्या पोरीचं काम. "नुसता शंख बघून जात कळत नाही, भाऊ. डीएनए तपासला की गोगलगाय कुठल्या जातीची ते कळतं, आणि मेंढीचं यकृत पोखरून जबड्याखाली सूज आणणारा जंत तिच्यात आहे का, तेही." स्पिरिटची बाटली देऊन ती म्हणाली, उद्यापर्यंत डबक्यातल्या वीस भरून ठेवा.

भाऊंचं धाबं दणाणलं. चोराच्या मनात चांदणं! ते सरळ ओढ्यावर गेले, तिथल्या वीस गोगलगायी बाटलीत टाकल्या आणि वर चिठ्ठी लावली डबक्याची.

आज दुपारी तिचा फोन आला. "भाऊ, सात गोगलगायींत जंत सापडलाय. त्यांच्यातून तो काठच्या गवतावर येतो. डबक्याकडे एक मेंढी फिरकू देऊ नका. तुमच्या शेजारच्या हनुमंतलाही सांगते, कळप ओढ्यावर हलव म्हणून."

ओढ्यावर! गप्प बसावं तर हनुमंतचा कळप बुडणार, बोलावं तर गावात नाक कापलं जाणार, पुन्हा कोण रानात बोलावणार?

"ताई, थांबा. त्याला तिकडं धाडू नगा. त्या गोगलगायी वड्यातल्या हायेत. म्या भ्यालो आन् फसवलं तुमाला. माजी चाळीस मेंढरं बी तितंच हायेत."

ती म्हणाली, "मेंढ्या आत्ताच्या आत्ता वर काढा. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येते. आणि भाऊ, डबक्यात काय आहे, ते आपल्याला अजून ठाऊकच नाही."

भाऊंनी घाईघाईने बायकोला फोन लावला. "लंका, आदी मेंढरं वर काढ. तिथल्या गवताला तोंड लावू देऊ नगंस."

"आता का? तुमीच तर म्हनला व्हता, हितलं पानी लई चांगलं," लंकाबाई म्हणाली. "मीच फोन करनार व्हते. तांबडीच्या जबड्याखाली सूज आलीया. आन् तिच्यासंगं आणिक चौघींच्या."