पुराव्यातला मामा

लग्नाला नवरा आणि नवरी लागते, ही जगाची समजूत माझ्या मेहुण्याला मान्य नाही. त्याच्या मते लग्नाला मुलीचा मामा लागतो. बाकीच्यांनी सवडीनं यावं. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ नाशिक रोडला पंखे आणि मिक्सर विकतो, म्हणजे दुकान उघडं असेल तेव्हा विकतो. कुणाचा साखरपुडा, कुणाचं बाळंतपण, कुणाची रद्द करायची बदली, असं काहीतरी त्याला सारखं निस्तरायचं असतं, आणि त्याचा उत्साह एवढा दांडगा, की ज्याचं कार्य आहे तोच पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहतो. आमच्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजींनी "यजमानांनी पुढे यावं" म्हटलं, तेव्हा आम्ही दोघंही उठलो होतो. बसलो मी.

आमच्या मुग्धावर त्याचा भारी जीव. त्याला मूलबाळ नाही आणि ती सगळी हौस त्यानं आमच्या मुलीवर फेडून घेतली, असं मी चिडलो की म्हणतो. पण खरं सांगायचं तर तिला सायकल चालवायला, पोहायला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तर्री ओतून मिसळ खायला त्यानंच शिकवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा पेढे माझ्याआधी त्यानं वाटले. जावई मूळचा आपल्याकडचाच, पण आता अमेरिकेचा नागरिक. पोरगा गुणी, अबोल. आमच्या मेहुण्याशेजारी कोणीही अबोलच दिसतो म्हणा.

आपल्याकडे मामानं मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, अशी रीत आहे. अंतरपाट दूर झाला की मामा सुटतो. हा सुटला नाही. सप्तपदीला तो मागे होता, पंगतीत घास भरवताना मध्ये होता. दुसऱ्या दिवशी नवं जोडपं वणीच्या देवीला गेलं तेही त्याच्याच गाडीतून. गडावर, घाटात, परतीच्या वाटेवरच्या द्राक्षबागेत, जिथे म्हणून दोघांनी फोटोसाठी मोबाइल काढला, तिथे यानं तो जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात दिला, "दादा, एक तिघांचा घ्या," म्हणाला आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मधोमध उभा राहिला. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सवय झाली होती.

तीन आठवड्यांनी जावई परत गेला आणि तिकडून त्यानं बायकोच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. नवरा तिकडे, बायको इकडे, मध्ये अमेरिकेचं सरकार. मेहुण्याला तर आयुष्याचं कार्यच सापडलं. 'व्हिसाच्या कामामुळे दुकान बंद' अशी पाटी शटरवर झळकू लागली. "आमची केस पुढे सरकली," असं तो भाजीवालीलाही सांगायचा आणि ती बिचारी कोर्टाची केस समजून दोन मिरच्या जास्त टाकायची. दिवाळसणाला जावई येऊ शकला नाही, तर यानं मोबाइल पाटावर उभा करून त्याला ओवाळायला लावलं. पलीकडे जावई हात जोडून बसलेला, आणि अलीकडे त्याच्या वतीनं कपाळाला कुंकू लावून घेत, अर्थातच, हा.

पुढे जावयानं तिकडे नेमलेल्या वकीलबाईंचा निरोप आला. लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे सरकारला पटायला हवं. तेव्हा नवराबायकोचे एकत्र फोटो पाठवा. आम्ही पाठवले. उलट टपाली बाईंनी विचारलं, की हे मधले गृहस्थ कोण, आणि यांच्याशिवाय काढलेला एखादा फोटो आहे का? आम्ही घरभर शोधलं. नव्हता. एकही नव्हता.

त्या संध्याकाळी मुग्धा स्वयंपाकघरात जाऊन रडली. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, नवऱ्याबरोबर तिनं जेमतेम तीन आठवडे काढले होते, आणि आता या फोटोंपायी सगळं अडलं तर पुन्हा किती वाट बघायची कोण जाणे. मेहुण्याचा चेहरा मी तसा पडलेला कधी पाहिला नव्हता. तो मुकाट्यानं मोबाइल घेऊन बसला आणि प्रत्येक फोटोतून स्वतःला कापू लागला. पण तो मधला. त्याला काढला की नवरा एका तुकड्यात, नवरी दुसऱ्या तुकड्यात, आणि दोघांच्या खांद्यांवर एकेक बेवारशी हात. वकीलबाईंनी बजावलं, की फोटोंना कात्री लावू नका, आहेत तसे पाठवा आणि मामांकडून खुलासा घ्या. त्यानं नोटरीसमोर जो खुलासा केला त्याची सुरुवात मुग्धाच्या बारशापासून होती. बाईंनी त्यातलं एवढंच ठेवलं: "मी शपथेवर सांगतो की फोटोत मधोमध मी आहे आणि नवरा माझ्या शेजारी आहे."

फोटो गेले आणि कित्येक महिन्यांनी एकदाची मुलाखतीची तारीख आली. मग घरात तालमी सुरू झाल्या. मेहुणा बाल्कनीत ग्रिलच्या पलीकडे खुर्ची टाकून साहेब व्हायचा आणि नवऱ्याला चहात साखर किती लागते, घोरतो का, सासूचं माहेर कुठलं, असं खडसावून विचारायचा. मुग्धा अडखळली की उत्तरं तोच सांगायचा. ती सगळी त्याला पाठ होती.

मुंबईला आम्ही त्याच्याच गाडीतून गेलो. मुग्धा एकटी अमेरिकन वकिलातीत गेली आणि आम्ही समोरच्या फुटपाथवर. मी देवाचं नाव घेत होतो, मेहुणा आजूबाजूच्या आईबापांना त्यांच्या-त्यांच्या केसबद्दल सल्ला देत होता, पण हातातला तिचा मोबाइल त्यानं असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ती बाहेर आली ती हसत आणि रडत. साहेबानं फोटो चाळले आणि पहिलंच विचारलं, हा माणूस कोण? तिनं मामा म्हणजे काय ते सांगितलं, रीत सांगितली, मंगलाष्टकं होईपर्यंत उभं राहायचं असतं तेही सांगितलं. मग हा डोंगरावर काय करतोय, असं त्यानं विचारलं.

"मी म्हटलं, त्याला पुरे असं कुणी सांगितलंच नाही," मुग्धा म्हणाली. "तो इतका हसला, बाबा. आणि म्हणाला, व्हिसा मंजूर."

मेहुण्यानं भर रस्त्यात मला उचललं. माझं वजन आणि त्याची कंबर पाहता हे सोपं काम नव्हे. नाशिकपर्यंत प्रत्येक टोलनाक्यावर त्यानं खिडकीतून पेढा दिला आणि "भाची अमेरिकेला चालली," असं सांगितलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मीही, कधी नव्हे ते, खिडकीतून पेढे वाटत होतो.

महिन्याभरात मुग्धा गेली. परवा तिचं ग्रीन कार्ड टपालानं आलं आणि ते दाखवायला तिनं व्हिडिओ कॉल केला. आम्ही सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. मेहुण्यानं चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "कधीपर्यंतचं आहे गं?"

"दोन वर्षांचं. लग्नाला अजून दोन वर्षं व्हायची आहेत ना, म्हणून."

"मग दोन वर्षांनी परत येशील?"

दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करायचा आणि मग कार्ड पक्कं होतं, हे अख्ख्या नाशिक रोडला यानंच समजावून सांगितलेलं.

"मामा," मुग्धा हळूच म्हणाली, "नंतर पक्कं मिळतं रे. तूच सांगितलंस ना मला?"

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला.

"ठाऊक आहे गं," तो म्हणाला. "आपलं विचारून बघितलं."