ओळंबाकाकांच्या फोटोचे कोपरे

इमारतींचे फोटो काढणाऱ्या त्या गृहस्थांना गवंडी ओळंबाकाका म्हणत. भिंत जराशी कललेली वाटली की कॅमेरा बाजूला ठेवून ते मुकादमाशी भांडत. एकदा मुकादम वैतागून म्हणाला, "भिंत सरळ आहे हो, तुमचा कॅमेराच वाकडा!" काकांनी पिशवीतून खरोखरचा ओळंबा काढून भिंतीला लावला. भिंत सरळच निघाली. काका त्या मुकादमाशी महिनाभर बोलले नाहीत.

फोटो काकांनी काढायचे आणि कॉम्प्युटरवर नीट करून गिऱ्हाइकाला पाठवायचे काम त्यांच्या लेकीचे, बबीचे. गेली दोन वर्षं बबी आणखी एक काम गुपचूप करत होती. फोटोच्या कडेला कधी झाडू दिसे, कधी बादली, एकदा तर रखवालदाराचा चपलेसकट पाय. फरशीवरची काडीसुद्धा उचलल्याशिवाय बटण न दाबणारा हा माणूस! बबीला वाटे, साठी उलटली, लक्ष लागत नसेल. सांगावं तर दोन दिवस घरात धुसफुस. त्यापेक्षा ती आपली कड कापून टाके आणि गप्प बसे.

मग एका नव्या वाचनालयाचं काम आलं. दारासमोर उथळ तळं, तळाशी निळ्या फरश्या. त्या फरश्या फोटोत दिसल्याच पाहिजेत, असा आर्किटेक्टबाईंचा हट्ट. पाण्यावरची चकाकी घालवायची तर पोलरायझर हवा. लेन्सच्या तोंडावर बसवून गोल फिरवायची ती काच. पण रुंद लेन्सवर ती लावायची नाही, हा तर काकांचाच कायदा. "अगं, रुंद लेन्समध्ये केवढं आभाळ मावतं! ही काच त्यातलं अर्धं गडद करते, अर्धं फिकं ठेवते. ठिगळ लावल्यासारखं दिसतं मेलं!"

शेवटी त्यांनी ढगाळ सकाळ गाठली. आभाळच पांढरं, ठिगळ दिसणार कुठे? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी तासभर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. भिंगाला डोळा लावायचा, चारी कोपरे निरखायचे, मगच बटण दाबायचं.

घरी बबीने फोटो उघडले. फरश्या झकास आल्या होत्या, पण एकूणएक फोटोचे चारही कोपरे काळे.

"बाबा, कोपरे बघा."

"कुठले?"

तिने बोट ठेवल्यावर त्यांना दिसले. "हात्तिच्या! लेन्सवर धूळ बसू नये म्हणून लावलेली काच काढायची विसरलो. तिच्यावरच पोलरायझर चढवला. दोन काचांची दोन जाड कडी, त्यात लेन्स रुंद. कडी आड येणारच. उद्या परत काढू, त्यात काय!"

विसरणं ठीक होतं. पण भिंगातून निरखताना चार काळे कोपरे दिसू नयेत? बबीला झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी तिने लेन्स पुसायला घेतली आणि पाठमोरी होऊन दोन्ही काचा पुन्हा चढवल्या. बापाची अशी परीक्षा घेताना तिची तिलाच लाज वाटत होती.

काकांनी डोळा लावला. "आता बघ! कोपरान्‌कोपरा लख्ख."

"दुसऱ्या डोळ्याने बघा ना."

"दोन्ही डोळे माझेच आहेत," ते हसले, पण त्यांनी पाहिलं. "लख्ख!"

बबीने कॅमेरा घेतला. चारही कोपरे काळेकुट्ट.

डोळ्यांच्या दवाखान्यात काकांना एका पांढऱ्या गोल यंत्रापुढे बसवलं. ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काका अंगठा ठेवून तयारीत बसले. बराच वेळ गेला.

"बंद पडलं की काय हो हे?" त्यांनी विचारलं.

यंत्र चालूच होतं. बबीला बाजूच्या पडद्यावर ठिपके दिसत होते, एकामागून एक, कडेकडेने. तिला वाटलं, उठावं आणि त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा दाबावा.

काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कडेची नजर गेली ती गेली. थेंब घालून उरलेली सांभाळायची.

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "कडेच्या गोष्टी यांच्या नजरेतून सुटत असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

काका ताठ बसले. "सुटतील कशा? विचारा हिला. दोन वर्षांत माझा एकही फोटो कुणी परत पाठवला नाही. कडेला काडी सापडायची नाही. सांग गं बबी!"

बबी त्यांच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर बसली होती. ती सापडेपर्यंत त्यांनी मान वळवली. डॉक्टरीणबाईही तिच्याकडे बघत होत्या.

"नाही पाठवला कुणी," बबी म्हणाली.